सूत्र प्रेक्षकाच्या हाती

व्हिडिओ गेममधल्या पात्रांची शरीरे, त्यांचे कपडे आणि त्यांच्या वाट्याला आलेली कामे यांवरून जगात तीसेक वर्षे वाद चालू आहे. मराठीत त्याचे पडसाद क्वचितच उमटले. आपल्याकडे गेमचा विषय निघतो तो मुलांचा अभ्यास, डोळे, झोप आणि बापाच्या खात्यातून परस्पर गेलेले पैसे एवढ्यापुरता. ‘आधी तो मोबाईल ठेव’ या वाक्याने चर्चा सुरू होते आणि त्याच वाक्याशी संपते. त्या मोबाईलवर कोण दिसते, कसे दिसते, त्याला काय करायला लावले जाते, हे घरातले मोठे माणूस वाकून पाहत नाही. पुढच्या पानांचा विषय नेमका तोच आहे: खेळातल्या बाईचे चित्रण कुठे संपते आणि तिचे प्रदर्शन कुठे सुरू होते.

हा विषय सिंधुदुर्गातून मांडावा याचे काहींना नवल वाटेल. गेमच्या धंद्यात या जिल्ह्याचे नाव कुणी घेत नाही. पण पात्रे घडवणे आणि ती लोकांपुढे खेळवणे हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पत्त्यांवर देव रंगवले, पिंगुळीच्या ठाकरांनी बाहुल्या नाचवल्या, आणि दिवाळी सरली की दशावतारी मंडळींनी गावोगावच्या जत्रांत रात्री जागवल्या. या सगळ्यांना तेच प्रश्न सोडवावे लागले जे आज गेम बनवणाऱ्याला सोडवावे लागतात. पात्राचा चेहरा कसा असावा, त्याला काय नेसवावे, त्याच्या हातून काय घडावे, आणि समोर बसलेला माणूस कोण आहे असे धरून हे सारे करावे. तेव्हा वादाची सामग्री आपल्या दारात आहे. ती वापरायची एवढेच बाकी आहे.

सुरुवात गंजिफापासून, म्हणजे त्या रंगवलेल्या पत्त्यांपासून करू, कारण तो अस्सल खेळ आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. डाव तिघांचा, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. दिवसा खेळ मांडला तर उतारी रामाच्या रंगाने, रात्री मांडला तर कृष्णाच्या. ही कला विझत आली असताना १९७०च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कार्यशाळा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता हा सुंदर जोड स्त्रीच्या प्रतिनिधित्वाच्या अंगाने पाहा. दहा राजे पुरुष, दहा प्रधान पुरुष. बाई आलीच तर अवताराच्या शेजारी. तिच्या नावाचे पान नाही, तिच्या नावाने हात जिंकता येत नाही. हे अटळ होते असेही नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचे वर्णन केले आहे. त्या बारा रंगांपैकी एका रंगात सिंहासनावर राणी आहे आणि तिची प्रधानही बाईच आहे. म्हणजे खेळ रचणाऱ्यापुढे पर्याय होता. कुणी तो घेतला, कुणी घेतला नाही. ज्या कलेत बाईचे पान नव्हते ती कला पुन्हा उभी करणाऱ्या दोघांत एक बाई होती, हे मात्र विसरायला नको.

व्हिडिओ गेमचा इतिहासही असाच सुरू होतो. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये बाई आहे ती वानराने पळवून नेण्यापुरती. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये राजकन्या आहे ती शेवटच्या किल्ल्यात सापडण्यापुरती. खेळणाऱ्याने धावायचे, उड्या मारायच्या, मरायचे आणि पुन्हा उठायचे. तिने वाट पाहायची. १९९१मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ आला आणि चुन-ली ही लढणारी स्त्री खेळणाऱ्याला निवडता येऊ लागली. वगळले जाण्याचा प्रश्न थोडा मागे पडला आणि लगेच पुढचा उभा राहिला. बाई आली खरी, पण कोणत्या रूपात?

या प्रश्नाला हात घालण्याआधी पिंगुळीला जायला हवे. कुडाळ तालुक्यातल्या या गावी ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या. चित्रकथीची पोथी म्हणजे कागदावर रंगवलेल्या चित्रांची चळत. एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातले आख्यान गाऊन सांगायचे. या कलांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने पिंगुळी नकाशावर शोधली. बाहुल्यांच्या खेळात एक गोष्ट पक्की असते. दोऱ्या खेळ करणाऱ्याच्या हातात असतात. सीता कधी मान वळवील, रावण कधी हात उचलील, हे तो ठरवतो, आणि सांगणारा तोच असल्यामुळे त्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. प्रेक्षक समोर बसून फक्त पाहतो.

गेमने नेमके हेच उलटवले. तिथे दोऱ्या पाहणाऱ्याच्या हातात दिल्या गेल्या. पात्राला चालवतो तो, वळवतो तो, आणि त्याच्याकडे कोणत्या बाजूने पाहायचे हेही बऱ्याच खेळांत तोच ठरवतो, कारण कॅमेराही त्याच्याच अंगठ्याखाली असतो. चित्र, नाटक, सिनेमा यांच्यावरच्या जुन्या टीकेत हा भाग नव्हता. भिंतीवरचे चित्र माणसाचे ऐकत नाही. पडद्यावरची नटी त्याच्या बोटावर वळत नाही. गेममधली बाई वळते. म्हणून गेममधल्या देहप्रदर्शनाचा विचार करताना सिनेमाच्या पोस्टरला लावतो ते माप पुरत नाही. ती कशी रंगवली आहे हे पाहायचेच. शिवाय दोरी धरणाऱ्याला तिच्याशी काय करायची मुभा दिली आहे, आणि दोरी धरणारा कोण असेल असे खेळ रचणाऱ्याने गृहीत धरले आहे, हेही पाहायचे.

दशावताराच्या रंगमंचावर हा प्रश्न फार जुना आहे, आणि तिथे त्याला एक वेगळे वळण मिळाले. ज्याला गावात धयकालो म्हणतात त्या या खेळात परंपरेने बाईच्या भूमिका पुरुषच करत आले. मंडळीत जसा राजपार्टी असतो तसा स्त्रीपार्टी असतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि संवाद ज्याचे त्याने मंचावर उभे करायचे. पेटीचा सूर आणि मृदंगाची थाप यांच्या आधाराने तारामती काय बोलेल, सावित्री यमाला कोणत्या शब्दांत अडवील, हे त्या नटाच्या बुद्धीवर अवलंबून. नटाने साडी चापूनचोपून नेसलेली असते, अंबाड्यावर गजरा असतो, अंगावर दागिने असतात. चालीत लचक असते आणि ती बघायला लोक येतात हेही खरे. शृंगार तिथे लपवलेला नसतो. पण मध्यरात्र उलटल्यावर प्रेक्षकांना जागे ठेवते ते तिचे बोलणे. नारदाला किंवा राजाला शब्दात पकडणारी, सवाल उलटवणारी स्त्रीपार्टी गावाच्या लक्षात राहते. नुसती देखणी दिसणारी राहत नाही.

याचा अर्थ दशावतार हा स्त्रीसन्मानाचा आदर्श नमुना आहे असा मुळीच नाही. तिथल्या विनोदाला बाईच्या अंगावरून जाण्याची सवय आहे. बाईची गोष्ट सांगताना मंचावर बाई नसणे, हीही साधी गोष्ट नव्हे. अलीकडे काही ठिकाणी महिलांची दशावतारी पथके उभी राहिली तेव्हा ती उणीव पहिल्यांदा ठळकपणे दिसली. पुरुषाने बाई साकारण्याचे मराठी रंगभूमीवरचे याहून मोठे उदाहरण बालगंधर्वांचे. त्यांच्या साड्यांची, केशरचनेची नक्कल घराघरांतल्या बायका करत. बाई कशी दिसावी हे एका पुरुषाने रंगमंचावर दाखवले आणि बायकांनी ते उचलले. गेम बनवणाऱ्या खोलीत बसलेल्या पुरुषांनी बाईचे शरीर कल्पनेने घडवावे आणि पुढे मुलींनी आरशात त्याच्याशी स्वतःची तुलना करावी, ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

मालवणी मुलखाने या वादाला एक अजोड दाखलाही दिला आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली जगभर नेली. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो, एवढीच त्याची कथा. आपण हसलो ते नटांच्या फजितीवर. पण ज्या प्रसंगाचा प्रयोग ते करू पाहतात तो प्रसंग आपल्या सबंध परंपरेत या विषयाचा सगळ्यात कठोर प्रसंग आहे. भरलेल्या सभेत एका बाईचे वस्त्र ओढले जाते. सगळे पाहतात. आख्यान पाहणारा प्रेक्षकही नकळत त्या सभेत जाऊन बसतो, कारण त्यालाही पुढे काय होते ते पाहायचेच असते. आणि कथा तिथेच त्याला अडवते. साडी संपत नाही. ओढणारा दमतो, पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि उरतो तो द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न, ज्याचे उत्तर भीष्मालाही देता येत नाही.

याच्या शेजारी १९८६चा निन्टेन्डोचा ‘मेट्रॉइड’ ठेवून पाहा. खेळभर जाड चिलखतात लढणारा वीर शेवटी बाई निघतो. तिचे नाव सामुस. त्या काळाच्या मानाने हा धक्का मोलाचा होता, आणि पुष्कळ मुलींना त्याने ‘हा खेळ माझाही आहे’ असे वाटायला लावले असेल. पण त्या शेवटाला एक अट जोडलेली होती. खेळणारा जितक्या लवकर खेळ पुरा करील तितके तिचे कपडे कमी. रेंगाळलात तर चिलखत तसेच राहते. तासाभराच्या आत संपवलात तर ती बिकिनीत उभी राहते. दोऱ्या ज्याच्या हाती होत्या त्याला त्याच्या कौशल्याचे बक्षीस म्हणून तिचे शरीर मिळाले. महाभारताची कथा पाहणाऱ्याची नजर हाणून पाडते, हा खेळ त्या नजरेला इनाम देतो. देहप्रदर्शन म्हणजे काय हे सांगणारी व्याख्या मला यापेक्षा नेमकी सापडलेली नाही. अंग किती दिसले हा मुद्दा दुय्यम. ते कशाच्या बदल्यात आणि कुणाला दिले गेले हा मुख्य.

ही कसोटी हातात ठेवली की गाजलेली उदाहरणे नीट लागतात. १९९६मध्ये इंग्लंडातल्या डार्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने ‘टूम रेडर’ आणला. टोबी गार्डने रेखाटलेली लारा क्रॉफ्ट धाडसी होती, शिकलेली होती, एकटीने गुहा धुंडाळणारी होती. जाहिरातींनी मात्र तिच्या छातीचा आकार तेवढा विकला. २०१३च्या नव्या ‘टूम रेडर’मध्ये, ज्याच्या लेखनाची धुरा रिआना प्रॅचेट या लेखिकेकडे होती, तिला माणसासारखे शरीर मिळाले, ती धडपडते, चिखलात पडते, जखमी होते. त्यावरही आक्षेप आलेच. तिच्या वेदनांचाही तमाशा केला गेला, असे काहींनी म्हटले, आणि त्यात तथ्य आहे. उलट २००९च्या ‘बेयोनेटा’ची नायिका उघडउघड मादक आहे. तिचे रूप मारी शिमाझाकी या स्त्री चित्रकाराने घडवले, आणि खेळणाऱ्या बायकांतही तिच्यावरून दोन तट आहेत. एका तटाला ती पुरुषी नजरेची बाहुली वाटते, दुसऱ्याला स्वतःच्या देहाची मालकीण. हा मतभेद मिटवण्याची घाई या विवेचनात केलेली नाही.

आपल्या भूगोलाशी जोडलेले एक पात्र मुद्दाम सांगितले पाहिजे. २००९च्या ‘अनचार्टेड टू’मध्ये क्लोई फ्रेझर ही नायकाची साथीदार होती: मोहक, बेभरवशाची, आणि तिच्यावरचा कॅमेरा तिच्या बोलण्यापेक्षा चालण्याकडे जास्त लक्ष देणारा. २०१७मध्ये ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ आला तेव्हा तीच क्लोई मुख्य पात्र झाली. तिचे वडील भारतीय ठरले, तिच्या सोबतीला नादिन रॉस ही दुसरी स्त्री आली, आणि कथा घडली आपल्या पश्चिम घाटात, होयसळांच्या अवशेषांत, गणेशाच्या सुळ्याच्या शोधात. बाई तीच, आवाज त्याच अभिनेत्रीचा, देखणेपण कायम. बदलली ती तिची गरज. आधी ती कुणाच्या तरी गोष्टीत लागत होती, आता गोष्ट तिची झाली. मात्र प्रतिनिधित्वाचा हिशेब एका खात्यात जमा झाला की दुसऱ्या खात्यात बाकी निघते. त्या घाटात मंदिरे आहेत, हत्ती आहेत, शस्त्रधारी बंडखोर आहेत. घाटात राहणारी, पावसात भात लावणारी माणसे त्या कथेला लागत नाहीत.

होयसळांचे नाव आले म्हणून एक आक्षेप इथेच निकालात काढू. ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या संस्कृतीत असले काही नव्हते’ असे म्हणणाऱ्याने बेलूरच्या मदनिका पाहाव्यात. आरशात पाहणारी, केस पिळणारी, नाचणारी बाई आपल्या शिल्पकाराने देवळाच्या भिंतीवर कोरली, तिचा देह लाजत झाकला नाही. शृंगार हा आपल्या रसांचा राजा. त्यामुळे ‘अंग दिसले म्हणजे बिघडले’ हे आपल्या परंपरेचे माप होऊ शकत नाही. पण याचाच उलटा आधार घेऊन ‘मदनिका चालतात तर गेममधली बिकिनीही चालावी’ म्हणणेही आळशीपणाचे आहे. मदनिका आपल्याच नादात आहे. ती कुणाच्या अंगठ्याखाली वळत नाही आणि कुणी जिंकला म्हणून कपडे उतरवत नाही.

संस्कृतीच्या नावाने होणाऱ्या वादाची दुसरी बाजू देवादिकांची आहे. २००९मध्ये सोनीने भारतासाठी काढलेल्या ‘हनुमान: बॉय वॉरियर’वर अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी आक्षेप घेतला. भक्त आपले भवितव्य देवाच्या हाती सोपवतो. खेळात देवच खेळणाऱ्याच्या हातचे खेळणे होतो, असा त्यांचा मुद्दा होता. २०१२मध्ये ‘स्माइट’ या खेळातल्या कालीच्या तोकड्या वेशावरून, आणि २०१६मध्ये ‘ओव्हरवॉच’मधल्या सिमेट्रा या भारतीय पात्राच्या ‘देवी’ वेशावरून त्यांनी पुन्हा आवाज उठवला. कालीच्या बाबतीत खेळ बनवणाऱ्यांनी देवीला बाजारातल्या ठरावीक नायिकेचे शरीर चिकटवले, ही तक्रार रास्त आहे. पण देवाची दोरी माणसाच्या हाती नसावी, हा मुद्दा कोकणात टिकणारा नाही. इथे मत्स्य, कूर्म, वराह पत्त्यांवर बसून हातोहात फिरले. पिंगुळीत राम दोरीवर नाचला. दशावतारात शेजारचा माणूस मुकुट चढवून विष्णू झाला आणि पहाटे रंग पुसून आपल्या कामाला लागला. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या मंदिरातली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे; किनाऱ्यावरच्या माणसाला ती आपली वाटते आणि कुणी तिला अवमान म्हणत नाही. पूज्य रूपाशी खेळण्याचा हक्क या लोकांनी जवळिकीने आणि कष्टाने मिळवला. काली ज्यांना फक्त चार हातांची देखणी बाई म्हणून भेटली, त्यांच्याकडे ती जवळीक नव्हती.

जवळीक असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुण्यातून आले. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने २०२०मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला. श्रुती घोष या त्या चमूच्या संस्थापकांपैकी एक. राजी ही कसरती करणारी डोंबारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन निघते. आधीच्या सगळ्या राजकन्यांचा हा सरळ उलटा हिशेब आहे: पळवला गेला तो मुलगा, शोधणारी ती. तिचे सामर्थ्य तिच्या कसरतीतून येते, म्हणून तिचा वेश कसरतीला सोयीचा. कॅमेरा दूर आणि उंच, त्यामुळे तिच्या देहावर रेंगाळायला त्याला सवडच नाही. शिवाय कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितलेले. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकनही मिळाले. इथे बाईला झाकून सोवळी केलेली नाही. तिला करायला काम दिले आहे.

पण सिंधुदुर्गातली पोरे बहुतेक ‘राजी’ खेळत नाहीत. जेटीवर, एसटी स्टँडवर, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांच्या घोळक्यात चालतात ते मोबाईलवरचे फुकट खेळ. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२मध्ये. पबजीच्या जागी बीजीएमआय २०२१मध्ये आला, २०२२मध्ये काढला गेला आणि २०२३मध्ये परतला. ही सगळी बंदी सुरक्षेच्या कारणांवरून. पात्रांच्या चित्रणाशी तिचा संबंध नव्हता. मात्र नोव्हेंबर २०२०मध्ये भारतासाठी पबजीची वेगळी आवृत्ती जाहीर करताना कंपनीने दोन बदल आवर्जून सांगितले: नवी पात्रे सुरुवातीपासूनच कपड्यांत असतील, आणि गोळी लागल्यावर हिरवा रंग उडेल. मूळ खेळात पात्र अंतर्वस्त्रांत सुरू होई. म्हणजे आपल्या संस्कृतीचे समाधान एका सदऱ्यात आणि हिरव्या रक्तात होईल, असा अंदाज बांधला गेला. माणसे मारणे तसेच राहिले.

फुकट खेळांचा हिशेब समजला की देहप्रदर्शनाचे आणखी एक कारण कळते. हे खेळ चालतात ते पात्रांचे पोशाख, ज्यांना पोरे ‘स्किन’ म्हणतात, ते विकून. पोशाखाने नेम सुधारत नाही. तो फक्त दिसतो. त्यामुळे दिसण्यालाच किंमत येते, आणि कंपनीचा कल पोशाख जास्तीत जास्त भडक, नजरेत भरणारा करण्याकडे जातो. पुरुष पात्रांचे खांदे रुंद होतात, चेहरे दगडी होतात. बायकांच्या कमरा बारीक होतात. पुरुषांचे चित्रणही खोटेच असते, हे खरे. मुलगे त्यातून मर्दपणाची एक ठोकळेबाज कल्पना उचलतात आणि त्यावरही बोलले पाहिजे. फरक एवढाच की पुरुषाचे ते शरीर बहुधा खेळणाऱ्याला स्वतःसाठी हवे असते, बाईचे पाहण्यासाठी.

या विषयावर बोलणाऱ्या बायकांना काय भोगावे लागले तेही नोंदवायला हवे. माध्यम-समीक्षक अनिता सारकीझियन यांनी २०१२मध्ये गेममधल्या स्त्रीचित्रणाचे ठरावीक साचे दाखवणारी व्हिडिओ मालिका करायची ठरवली. युक्तिवाद सौम्य होता. उत्तर म्हणून शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या आल्या. २०१४मध्ये ‘गेमरगेट’ नावाने ओळखल्या गेलेल्या मोहिमेत गेम बनवणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या अनेक बायकांचा छळ झाला. त्याच वर्षी गोळीबाराच्या धमकीमुळे सारकीझियन यांना युटामधल्या विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले. मुद्दा खोडता येत नसेल तर मुद्दा मांडणारीला गप्प करावे, ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही. चर्चेत ज्यांना ‘हा फक्त खेळ आहे, एवढे मनावर काय घ्यायचे’ असे वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे, की तो फक्त खेळ असता तर त्याच्यासाठी कुणी बंदुकीची भाषा केली नसती.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९८६चा आहे, म्हणजे सामुसच्याच वयाचा. जाहिराती, पुस्तके, चित्रे, पत्रके डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला गेला. छापलेले चित्र सगळ्यांना सारखेच दिसते. गेममधले चित्र खेळणाऱ्याच्या हातात आकार घेते. शिवाय बंदीची सवय एकदा लागली की ती बेयोनेटा आणि मदनिका यांच्यात फरक करत बसत नाही. म्हणून या विवेचनाची भूमिका बंदीची नाही. कलावंताला मादक पात्र रंगवण्याचा हक्क आहे, आणि पाहणाऱ्याला ‘हे कुणासाठी रंगवले’ असे विचारण्याचाही तेवढाच हक्क आहे. पहिला हक्क वापरणाऱ्याने दुसऱ्या हक्काला सेन्सॉरशिप म्हणू नये. २०१६मध्ये ‘ओव्हरवॉच’मधल्या ट्रेसर या पात्राची पाठमोरी विजयमुद्रा एका खेळणाऱ्याच्या तक्रारीनंतर बदलली गेली, तेव्हा कंपनीने ती पुन्हा रेखाटली आणि खेळ चालूच राहिला. टीका ऐकून चित्रकाराने हात सुधारणे हे कलेच्या इतिहासात रोजचे आहे.

वाचकांकडून एकच अपेक्षा आहे. या विषयावर मत देण्याआधी एकदा खेळ पाहावा, जमल्यास खेळावा. आईने मुलाकडून मोबाईल हिसकावून घेण्याआधी त्याच्या शेजारी बसून विचारावे: ही कोण, हिचे काम काय, हिने काय केले म्हणजे तुला गुण मिळतात, ही मेली तर खेळ थांबतो की दुसरी येते? मुलगा याची उत्तरे फार बारकाईने देईल, कारण हे नियम त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत आहेत. शिक्षकांनी वक्तृत्व स्पर्धेत ‘मोबाईल: शाप की वरदान’ हा झिजलेला विषय बाजूला ठेवून एखाद्या गेममधल्या एका पात्रावर मुलामुलींना भांडू द्यावे. मुलींना त्यात आधी बोलू द्यावे. त्या खेळतातही आणि खेळात दिसतातही, दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांच्याच गाठीशी आहे. ज्या जिल्ह्यात माणसे लिखित संहितेशिवाय रात्रभर वाद रंगवू शकतात, तिथे या वादाला वक्ते कमी पडणार नाहीत. आणि त्यांपैकी कुणी उद्या स्वतः खेळ रचायला बसले, तर गंजिफाच्या जोडात राहून गेलेले राणीचे पान आधी काढावे.